सोडले आहे

माझी नोकरी वसुलीची होती. एका सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा वसुली खात्यात. थकबाकीदाराच्या दारात मोटरसायकल उभी केली की ओट्यावर निवडणं-टिपणं करणाऱ्या बाया सुपं उचलून आत जायच्या, आणि मग आतूनच आवाज यायचा, "साहेब, घरात कोणी नाही!" आधी तोंडी सांगणं, मग नोटीस, मग जामीनदाराला नोटीस, मग सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला. या क्रमाची इतकी सवय झाली होती की घरात दूधवाल्यानं दोन दिवस खाडा केला तरी माझ्या मनात मसुदा तयार व्हायचा.

आणि रविवारी सकाळी हाच माणूस चर्चमध्ये उभा राहून, डोळे मिटून म्हणणार: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड."

बँकेतल्या एका सहकाऱ्यानं ही ओळ माझ्या तोंडून एकदा ऐकली. तो म्हणाला, "राव, तुम्ही हे रिझर्व्ह बँकेला कळू देऊ नका."

मी हसलो. पण लहानपणापासून पाठ असलेली ती ओळ त्या दिवशी पहिल्यांदा मला ऐकू आली. कॅथलिक मित्रांच्या प्रार्थनेत इथं अपराध आणि क्षमा हे शब्द येतात. आमच्या प्रॉटेस्टंट बायबलात मात्र मत्तयाच्या सहाव्या अध्यायात सरळ ऋण आहे. आमचे एक जुने पाळकसाहेब सांगायचे की मूळ ग्रीकमध्येही तिथं देण्याचाच शब्द आहे, आणि येशू जी अरामी भाषा बोलायचा तिच्यात कर्ज आणि पाप या दोहोंना एकच शब्द चालतो, 'होबा'. आणि क्षमेसाठी जे ग्रीक क्रियापद आहे त्याचा साधा अर्थ जाऊ देणं, सोडणं. म्हणजे ज्यानं कुणी मराठीत 'सोड' लिहिलं त्यानं नेमकं लिहिलं. आपण दावं सोडतो, गाठ सोडतो, नाद सोडतो. पैसे परत यायची आशा संपली की त्यांच्यावर पाणी सोडतो. क्षमा म्हटलं की मला उगाच पायऱ्या चढून देवळात गेल्यासारखं वाटतं. सोडणं मात्र हातानं करायचं काम आहे, मूठ उघडायचं.

आमच्या भागात या ओळीला आणखी एक वजन आहे. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन नगरला आलं. (नगरचं आता अहिल्यानगर झालंय, पण जीभ अजून नगरच म्हणते.) त्यानंतरच्या काळात खेड्यापाड्यांत ज्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांतल्या पुष्कळांना ऋण म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला दंगा सुरू झाला आणि तो आमच्या नगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, कागदांवर होता. रोखे, खतं, वह्या मागून घ्यायच्या आणि चव्हाट्यावर जाळायच्या. कर्ज कागदात राहतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रेषित पौल कलस्सैकरांना लिहितो की आपल्याविरुद्धचा देण्याचा लेख ख्रिस्तानं खोडला आणि वधस्तंभाला खिळला. तिथला ग्रीक शब्द स्वतःच्या हातानं लिहून दिलेल्या चिठ्ठीचा आहे. आमच्या बँकेत तिला वचनचिठ्ठी म्हणतात. हे वचन वाचताना मला कधी गुलगुथा, म्हणजे येशूला खिळलं ती जागा, दिसत नाही, सुप्याच्या बाजारातली ती होळी दिसते.

आता माझ्या स्वतःच्या वहीकडे येतो. इतका वेळ इकडंतिकडं फिरलो, कारण या वहीशी यायला मला अजूनही वेळ लागतो.

आमचे वडील मिशन शाळेत मास्तर होते. घर त्यांनी आईच्या नावावर घेतलं होतं. वडील गेल्यावर आई थोरल्या भावाकडे, म्हणजे त्याच घरात राहिली. माझ्या बदल्या चालू होत्या: जामखेड, श्रीगोंदा, शेवगाव. आई २००९ साली गेली. पुढच्या काही महिन्यांत मी कसल्याशा कामासाठी सिटी सर्व्हेचा उतारा काढला, आणि उताऱ्यावर एकच नाव होतं, भावाचं. आईनं शेवटच्या वर्षात बक्षीसपत्र करून दिलं होतं. नोंदणीकृत, दोन साक्षीदारांच्या सह्यांचं. साक्षीदारांपैकी एकजण तर संडे स्कूलमध्ये माझ्या वर्गात होता. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. कागद झाला नसता तर आम्हा तिघा भावंडांना सारखा वाटा आला असता. बहिणीनं पुण्याहून फोनवर सांगितलं, "मला आईचं शिवणयंत्र दे म्हणावं, बाकी काही नको," आणि ती मोकळी झाली. मला नाही जमलं. आयुष्यभर लोकांचे कागद वाचणाऱ्या माणसाला घरातला कागद शेवटी कळावा, याचाच राग जास्त होता की काय, कुणास ठाऊक.

दादाला मी जाब विचारला. तो म्हणाला, "आईची इच्छा होती." मी म्हणालो, "मला सांगायची इच्छा नव्हती का कुणाची?" तो गप्प बसला. ती गप्प अकरा वर्षं टिकली.

नगर काही मुंबई नाही. आमचं चर्चही एकच. तो डावीकडच्या खिडकीजवळ तिसऱ्या बाकावर, मी उजवीकडे खांबाच्या आडोशाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. त्याच्याआधी मंडळी एकमेकांचे हात हातात घेऊन 'प्रभूची शांती तुमच्याबरोबर असो' म्हणतात. त्या वेळी मला नेमकी तहान लागायची. बाहेरच्या माठातलं पाणी पिऊन मी आत येईपर्यंत शांती देऊन झालेली असायची. डोंगरावरच्या प्रवचनात येशूनं स्वच्छ सांगितलंय: तू आपलं अर्पण वेदीजवळ आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं तुला आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. मी हे वचन वकिलासारखं वाचायचो. 'भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध' असं आहे ना? इथं माझ्या मनात त्याच्याविरुद्ध आहे. म्हणजे हे कलम मला लागू नाही. अशी शंभरावर प्रभुभोजनं मी पचवली.

या सगळ्या काळात फक्त एक गोष्ट दोन्ही घरांत ये-जा करत होती, ती म्हणजे वहिनींचा स्टीलचा डबा. नाताळच्या आदल्या दिवशी पुतण्या सायकलवर, पुढं मोपेडवर, डबा घेऊन यायचा. ओल्या नारळाच्या करंज्या, वर कागदात थोड्या शंकरपाळ्या. रिकामा डबा परत करायचा नाही म्हणून माझी बायको नवीन वर्षाच्या आत त्यात रव्याचे लाडू घालून पाठवायची. डब्यावर दादाचं नाव कोरलेलं, खाली लग्नाची तारीख. मी त्या करंज्या खायचो. चवीबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा माझा निषेध. बायको म्हणायची, "तोंड भरलेलं असताना कसला राग धरता?"

एका लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत, आमच्या बायबल क्लासला मत्तयाचा अठरावा अध्याय आला. येशूचा शिष्य पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? येशू म्हणतो, सात वेळा नाही, साताच्या सत्तर वेळा. उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातला लामेख सूड सत्त्याहत्तरपट घेईन अशी बढाई मारतो. तिथला आकडा उचलून येशूनं उलटा फिरवलाय, हे तेव्हा कळलं. आणि मग तो निर्दय चाकराचा दाखला. राजाचं दहा हजार टॅलेंट देणं असलेला चाकर, त्याला सगळं माफ, आणि तोच बाहेर जाऊन शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो.

बँकवाला म्हणून हिशेब माझ्यावर आला. एक टॅलेंट म्हणजे ६,००० दिनार. एक दिनार म्हणजे मजुराची दिवसाची रोजी. आमच्याकडच्या शेतमजुराची रोजी सोयीसाठी ४०० रुपये धरली तर चाकराचं देणं होतं २,४०० कोटी. गालील आणि पेरिया मिळून तिथल्या अधिपतीला, हेरोद अंतिपाला, वर्षाला २०० टॅलेंट महसूल येत असे, असं पहिल्या शतकातला इतिहासकार योसेफस लिहितो. म्हणजे त्या सबंध मुलखाचं पन्नास वर्षांचं उत्पन्न या एका चाकराच्या नावे थकलेलं. मी म्हणालो, "हे कर्ज मंजूर कुणी केलं, आधी त्याची चौकशी लावा." सगळे हसले. शिवाय कर्जदाराला तुरुंगात टाकणं ही वसुलीची सगळ्यांत अडाणी रीत, आत बसून तो कमावणार काय, हेही मी ऐकवलं.

मग मागं बसलेल्या एका कॉलेजच्या मुलीनं विचारलं, "अंकल, पण शंभर दिनार म्हणजे तुमच्या हिशेबानं चाळीस हजार ना? तेपण कमी नाहीत."

पाळकसाहेब पुढं सरकले. मी तिथंच राहिलो. इतकी वर्षं मी हा दाखला शंभर दिनार म्हणजे चिल्लर असं समजून ऐकत आलो होतो, आणि म्हणूनच तो मला पटत नव्हता. माझं घर चिल्लर नव्हतं. येशूनंही चिल्लर म्हटलेलं नाही. शंभर दिवसांचा घाम आहे तो. दाखल्यात कुणीही त्या दुसऱ्या चाकराचं देणं खोटं ठरवत नाही. बँकेतही आधी रक्कम पैशासकट लिहावी लागते, मगच ती माफ करता येते. 'जाऊ दे, एवढं काय त्यात' असं म्हणणं ही माफी नाही. ते फक्त खातं न उघडणं.

बँकेतली आणखी एक गोष्ट सांगतो; बाहेरच्या लोकांचा यात नेहमी घोटाळा होतो. कर्ज निर्लेखित करणं म्हणजे राइट-ऑफ, आणि कर्ज माफ करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्वद दिवसांवर हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादित. पुढं काही वर्षांनी ते बुडीत धरून ताळेबंदातून काढतात, पण कर्जदार सुटत नाही. त्याच्या दारात माझी मोटरसायकल जातच राहते. माफी झाली तरच त्याला बेबाकी दाखला मिळतो. मला वाटतं आपल्या बहुतेक क्षमा या राइट-ऑफ असतात. तोंडानं 'मी सोडलं', ताळेबंद स्वच्छ, आणि आतल्या कपाटात फाइल चालू. कुणाच्या लग्नात, कुणाच्या मयतीत, नाहीतर नुसतं मत्सरानं ती बाहेर काढायची. मी तर तेवढंही केलं नव्हतं. माझं व्याज रोज चढत होतं.

उपदेशात क्षमेचा विषय निघाला की आमच्याकडे ग्लॅडिस स्टेन्स यांचं नाव येणारच. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, तिमथी ही दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जमावानं जाळून मारली. या बाईंनी क्षमा केली, आणि बारिपदाच्या कुष्ठरोग्यांचं काम टाकून लगेच निघूनही गेल्या नाहीत. २००४ पर्यंत राहिल्या. खरं सांगायचं तर अशी उदाहरणं ऐकून मी आणखी आकसायचो. डोंगराएवढं दुःख दाखवून माझं दुःख लहान करायचा डाव वाटायचा. पण त्या प्रकरणात मला पुढं एक गोष्ट दिसली जी उपदेशात कुणी सांगत नव्हतं. त्यांच्या क्षमेनं खटला थांबला नाही. खालच्या कोर्टानं २००३ मध्ये मुख्य आरोपी दारासिंगला फाशी सुनावली, उच्च न्यायालयानं २००५ मध्ये ती जन्मठेपेवर आणली, सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये जन्मठेप कायम केली. क्षमा त्यांची होती, शिक्षा सरकारची. एकीनं दुसरीचं काम केलं नाही.

हे सांगायचं कारण आहे. मंडळीतल्या एका बाईला नवरा मारायचा. ती दोनदा माहेरी गेली आणि दोन्ही वेळा वडीलधाऱ्यांनी 'साताच्या सत्तर वेळा' सांगून तिला परत पाठवलं. त्या बैठकीला मीही होतो आणि गप्प होतो. ते माझं देणं आहे, ते कुणी मला सोडलेलं नाही. लूकच्या सतराव्या अध्यायात येशू म्हणतो, भावानं अपराध केला तर त्याला दोष दाखव, पश्चात्ताप केला तर क्षमा कर. पहिलं अर्धं वाक्य आम्ही गिळलं. मारणाऱ्याच्या हाताखाली पुन्हा जाऊन बसणं, याला ऋण सोडणं म्हणत नाहीत. ते नवं कर्ज देणं झालं, तेही विनातारण.

२०२० च्या नाताळात डबा आला नाही. करोनाचं वर्ष, वहिनींना दम्याचा त्रास, पुतण्याला त्यांनी घराबाहेर सोडलं नसणार. चोवीस तारखेला संध्याकाळी मी तीनदा फाटकापर्यंत जाऊन आलो. बायकोनं पाहिलं, बोलली नाही. करंज्यांची आठवण येत होती असं मी स्वतःला सांगितलं.

तीस तारखेला तिनं आमच्याच एका डब्यात लाडू भरले आणि माझ्या हातात ठेवले. "पोचवून या," म्हणाली. कुणाकडे ते सांगितलं नाही.

दादा ओट्यावर खुर्ची टाकून उन्हाला बसला होता. मास्क हनुवटीवर. अकरा वर्षांत मी त्याला इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. वडील शेवटी दिसायचे तसा दिसत होता. मी डबा कठड्यावर ठेवला आणि वाटेत पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं: "दादा, मी तुला माफ केलं."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "कशाबद्दल?"

"घराबद्दल."

"घराबद्दल तू मला माफ केलं?" त्याचा आवाज चढला. "सहा वर्षं आईला उचलून न्हाणीत कोण नेत होतं? तुझ्या वहिनीची कंबर गेली त्यात. तू दिवाळीला यायचास, आईला साडी द्यायचास, आणि डबा बांधून घेऊन जायचास. तू मला माफ केलं!"

वसुलीवाल्याला दारातून हाकललं जायची सवय असते, त्यामुळे मी पडलो नाही. पण घरी येताना मला कळलं की मी माफी घेऊन गेलोच नव्हतो. मी नोटीस बजावायला गेलो होतो. 'मी तुला माफ केलं' या वाक्यात आधी समोरच्यावर आरोप निश्चित होतो, आणि निकालही आपणच देऊन टाकतो. आणि सहा वर्षं? तो आकडा माझ्या वहीत कुठंच नव्हता. येण्याची बाजू मी पैशापर्यंत लिहिली होती, देण्याचं पान कोरं होतं. मला न सांगता, न विचारता त्यानं कागद करून घेतला हे चूकच होतं. आजही मी ते चूकच म्हणतो. पण त्या दिवसापासून वहीला दोन पानं झाली.

त्यानंतर चमत्कार वगैरे काही झाला नाही. चर्च पुन्हा उघडलं तेव्हा पहिल्या प्रभुभोजनाला मला तहान लागली नाही. मी डाव्या बाजूला गेलो, हात पुढं केला, 'प्रभूची शांती' एवढंच म्हणालो. त्यानं हात धरला, सलाम म्हणाला, आणि लगेच पुढच्याचा हात धरला. बस. पुढच्या आठवड्यात एका जमिनीच्या भावाबद्दल बोलताना कुणीतरी आमच्या घराची आजची किंमत सांगितली आणि माझं पोट पुन्हा पेटलं. साताच्या सत्तर म्हणजे चारशेनव्वद वेगवेगळे अपराध असं मी समजत होतो. मला तर एकाच अपराधासाठी ते आकडे पुरेनात. प्रार्थनेत 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' याच्या लगेच पुढं ऋणाची ओळ येते. कालची भाकर आज चालत नाही, चिवट होते. हे कामही रोज सकाळी चूल पेटवून करायचं आहे, असाच तो क्रम लावलेला दिसतो.

त्या ओळीतला काळही बघा. सोडू असं नाही, सोडतो असंही नाही. सोडले आहे. काम उरकून आल्यासारखं. किती रविवार मी हे म्हणताना आवाज बारीक केलाय. काही रविवार नुसते ओठ हलवले. खोटं बोलण्यापेक्षा बरं, असं वाटायचं.

दोन रविवारांपूर्वी उपासना संपल्यावर दादा पायऱ्यांवर थांबला होता. खिशातून घडी घातलेला कागद काढून त्यानं माझ्यापुढं धरला. "हे बघ जरा. मला काही कळत नाही यातलं."

घराच्या घरपट्टीचं बिल होतं. मागची दोन वर्षं थकलेली. मालकाच्या रकान्यात त्याचं नाव. खाली महिन्याला दोन टक्क्यांनी शास्ती लावलेली आणि बेरीज चांगलीच फुगलेली. मी चष्मा पुसला, पायरीवर बसलो आणि ओळीओळीनं बेरीज तपासली. बरोबर होती. त्याला वाटलं होतं की महापालिकेनं चुकवली असेल.

"मग भरून टाकू का उद्या?" त्यानं विचारलं.

"थांब," मी म्हणालो. "यांची शास्तीमाफी लागते अधूनमधून. तेव्हा भर. मी लक्ष ठेवतो."

त्यानं कागद परत मागितला नाही. मीही घडी घालून तो माझ्या खिशात ठेवला.